अक्काच्या मलमाची तपासणी

कामोठे,
रविवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप अक्कास, धाकट्या हौसेरावाचा कागदावरूनच साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायलाही हरकत नाही. पालथं पडणं ही एकच अवस्था मला सध्या सोसते. कारण पुढे येईल.) तुझं बी.पी. कसं आहे? मोतीबिंदूनंतर डोळ्यातून पाणी येत होतं, ते थांबलं का? म्हैस व्याली का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण ते फारसं मनावर घेऊ नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून ओसरीवर ठेवतेस, मग मी बहिणीशी बोलतोय की अख्ख्या आळीशी, ते मला कळत नाही. शिवाय फोनवर तू बोलतेस आणि मी हुंकार देतो. आजचा मजकूर हुंकारात मावणारा नाही. तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहून लिहितोय, अक्षर तिरकं आलं तर समजून घे.

उभा, कारण ज्या जागी माणूस बसतो त्या जागी मला गळू झालं आहे. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात मी तीस वर्षं मापाडी होतो. कांद्याच्या गोणीवर बसलो, बटाट्याच्या गोणीवर बसलो, उन्हात तापलेल्या लोखंडी काट्यावर बसलो, कधी काही झालं नाही. रिटायर होऊन फोमच्या सोफ्यावर बसायला लागलो आणि या वर्षातलं हे तिसरं. पहिलं मानेवर, दुसरं काखेत, तिसरं इथं. (उतरत्या क्रमाने चाललं आहे, याचा अर्थ पुढचं पायाला होईल आणि मग संपेल, असा माझा हिशेब होता. डॉक्टरांना तो पटला नाही.) तिन्ही वेळा मी तेच केलं जे आपल्या घरात कुणीही करेल. तुझा राळेच्या मलमाचा डबा काढला, बोट बुडवलं, लावलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुझ्या भावजयीचा, स्मिताचा, उजवा गुडघा बदलायचा आहे हे तुला ठाऊक आहेच. आठ महिने झाले, बेडरूममधून ओट्यापर्यंत यायला तिला भिंत लागते. बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टपाशी पोहोचायलाच दुसरी लिफ्ट लागेल अशी अवस्था आहे. बारा तारखेचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलात तिच्या नाकात काडी घालून नमुना घेतला. गुडघ्याच्या ऑपरेशनला नाक कशाला, असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘‘काका, टेन्शन नका घेऊ, रूटीन आहे.’’ (रूटीन म्हटलं की मी टेन्शन घेतो.) चार दिवसांनी कळलं की स्मिताच्या नाकात स्टॅफ नावाचा जंतू मुक्कामाला आहे, तो जाईपर्यंत चाकू लावणार नाही. तसा तो दर तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या नाकात असतो आणि निमूट पडून राहतो. पण कातडी फाटली की त्याला वाट मिळते, आणि धातूच्या नव्या गुडघ्यावर एकदा बसला की तो गुडघा परत काढावा लागतो. हे ऐकून स्मिता घरी आली. भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, भाजी काय करू?

आपली राजनंदिनी याच जंतूवर पीएच.डी. करते आहे, हा योगायोग. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की पोरगी कॅन्सरवर काहीतरी करते, कारण ते ऐकायला बरं वाटतं. आता नीट विचारून घेतलं, तेव्हा तुलाही सांगतो. हा जंतू काचेखाली द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. त्याच्याकडे अडीच हजारांच्या आसपास जीन आहेत. राजनंदिनी त्यातला एकेक जीन बंद पाडते, मग त्या लंगड्या जंतूला माणसाच्या पेशींवर सोडते आणि आत शिरतो का ते बघत बसते. (आपण तिला बारावीला अभ्यासाला बसवायला काय कष्ट घेतले, आठवतं ना.)

मला वाटत होतं जंतू म्हणजे दरोडेखोर, पेशीचं दार फोडून आत घुसत असेल. तसं नाही. आपल्या अंगात पेशींना धरून ठेवणारं एक चिकट प्रथिन असतं. जंतूचे दोन जीन असे आहेत की ते त्याच्या अंगावर आकडे तयार करतात, त्या आकड्यांत तो आपलंच प्रथिन अडकवून घेतो. पेशी ते प्रथिन ओळखते, तिला वाटतं घरचंच कुणीतरी आलं, आणि ती स्वतः हात धरून त्याला आत ओढते. लग्नात बिनबोलावता आलेला माणूस आहेराचं पाकीट दिसेल असं हातात धरतो आणि आपणच त्याला पहिल्या पंगतीला बसवतो, तसं. आत गेल्यावर तो दंगाही करत नाही. औषध बाहेर फिरत राहतं, हा आत पडून राहतो आणि महिन्यांनी निवांत उठतो. ते दोन जीन बंद केले की बहुतेक जंतू दाराबाहेरच घरंगळत राहतात. राजनंदिनीने हे इतक्या आनंदाने सांगितलं, की मला क्षणभर गळवाचा विसर पडला.

आता अवघड भाग येतो, अक्का. चष्मा पूस आणि पाणी पी.

राजनंदिनीने गाईडची परवानगी काढून घरातल्या सगळ्या वस्तूंवरून काड्या फिरवल्या. टॉवेल, टीव्हीचा रिमोट, नेलकटर, माझं गळू (बाप असल्याचा काही उपयोग झाला नाही) आणि तुझा डबा. माझ्या गळवातला, स्मिताच्या नाकातला आणि डब्यावरचा जंतू एकाच घराण्यातला निघाला. मी म्हटलं, अक्काचं मलम म्हणजे राळ, मेण, तिळाचं तेल आणि कडुनिंब, त्यात जंतू कसा राहील? मग तिने विचारलं, आत्या मलम करते कसं? आणि मी भोळेपणाने सांगून बसलो, की मलम कधी कोऱ्या कढईत करायचं नसतं. आजीने केलेल्या मलमातलं चमचाभर आईने विरजणासारखं आपल्यात घातलं, आईच्यातलं तू घातलंस, म्हणून त्याला गुण आहे. हे ऐकून पोरीने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, ‘‘पप्पा, हे तुम्ही माझ्या लॅबमध्ये कुणाला बोलू नका.’’

मलमाला नाव ठेवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. चुलत भाऊ बाबासोने त्याला डांबर म्हटलं होतं तर तू त्याच्याशी अकरा वर्षं बोलली नाहीस. त्याच्या मुलाच्या लग्नात तू गेलीस, जेवलीस आणि आहेर त्याच्या बायकोच्या हातात दिलास. मी चार वर्षांचा असताना माझ्या डोक्यातलं गळू तूच बरं केलंस, ‘‘काय हुतंय त्येला, खपली पडंल,’’ म्हणत दोन रात्री मांडीवर घेऊन बसलीस, हेही मी विसरलेलो नाही. म्हणूनच हे लिहायला मला तीन दिवस लागले. पण आता ऑपरेशन अठ्ठावीसला ठरलं आहे आणि सत्तावीसला तू येणार आहेस. स्मिताने पाच दिवस नाकात औषध लावलं, औषधी साबणाने अंघोळ केली, चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या, आणि दुसऱ्यांदा नाक तपासलं ते स्वच्छ निघालं. हे टिकवायचं आहे. तेव्हा हात जोडून विनंती, की या वेळी नवा डबा आणू नकोस, तिच्या टाक्यांना मलम लावायचा आग्रह धरू नकोस, आणि जमलं तर कराडच्या लॅबमध्ये स्वतःचंही नाक दाखवून ये. राग आला तर तो माझ्यावर काढ. तिला मात्र एकदा चालू दे.

तुझा धाकटा,
हौसेराव

ता.क. १ : पाकीट चिकटवायच्या आत राजनंदिनीचा निरोप आला. डब्याच्या तळाचं मलम तिने वेगळं तपासलं होतं, त्यात काहीच उगवलं नाही. जंतू होता तो फक्त काठावर, जिथं बोट लागतं तिथं. आणि माझं नाक तपासलं तर त्यात स्मिताच्या कितीतरी पट वसाहत. बोट नाकातून डब्यात, डब्यातून गळवावर, आणि हात पुसायला स्मिताचा टॉवेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा काखेतही नव्हता. थोडक्यात, मलम निर्दोष आहे. मागची पानं फाडून पुन्हा लिहायला हवीत, पण पाय भरून आले आहेत. नाकाचं औषध मलाही चालू केलं आहे.

ता.क. २ : स्मिताने आत्ता पत्र वाचलं. तिचं म्हणणं, हे सगळं तिने तुला गुरुवारीच फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, ‘‘बरं गं बया, मलम ऱ्हाऊ दे, आदी तुजं पाय बगू,’’ आणि शुक्रवारी कराडला जाऊन नाक तपासूनही आलीस. एकंदर चार मिनिटं लागली म्हणे. बाबासोला अकरा वर्षं आणि हिला चार मिनिटं, हे मी समजून घ्यायचा प्रयत्न करतो आहे.

ता.क. ३ : ही अंघोळीला गेली आहे तोवर लिहितो. तुला सगळं ठाऊक असूनही हे पत्र पोस्टात टाकतोय, ते या तीन-चार ओळींसाठी. ऑपरेशनच्या कागदावर माझी सही घेतली. त्यात सांध्यात जंतू शिरला तर काय काय होऊ शकतं, ते सगळं लिहिलं होतं. तो शिरला तर माझा असेल, अक्का. तिला तो माझ्याकडून मिळाला. ती यावर हसली, मला हसता येत नाही. मला फार भीती वाटते आहे. तू सत्तावीसला नको, पंचवीसलाच ये. आणि अठ्ठावीसला तिला आत नेलं की मला बाहेर एकट्याला सोडून कँटीनमध्ये जाऊ नकोस.