तीन दहा आत, चार वीस बाहेर

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,

कडूबाचा वाकून नमस्कार. इकडं सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत?

शेजारचा आप्पाराव एसटीनं पैठणला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. लिफाफा डिंकानं चिकटवून वर सही केलीय. सही फाटलेली दिसली तर त्यानं उघडला असं समज. तुझ्या नातवाकडून वाचून घेऊ नको, स्वतः चष्मा लाव. फोन केला असता, पण तुझ्याशी ओरडून बोलावं लागतं आणि घरात भामा असते.

अक्का, ही तुझी भावजय माझ्यापासून काहीतरी लपवतीय. पाणी कुठंतरी मुरतंय.

दोन महिने झाले, रोज दुपारी ती वरच्या मजल्यावर जाते. तिथं आपली भाडेकरू नजमाबाजी राहते, उर्दू शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. दोघी दार लावून घेतात. विचारलं तर म्हणे, "इंग्रजी शिकते. टाइमपास." जिनं जन्मात एसटीचं तिकीट स्वतः काढलं नाही, तिला साठीला इंग्रजी कशाला? मी चिकलठाण्याच्या कंपनीच्या गेटवर एकतीस वर्षं उभा राहिलोय. डब्यातून कोण पितळ नेतंय ते मला चालीवरून कळायचं, आणि भामाची चाल बदललीय. मग मी जुनी वही काढून नोंद सुरू केली. सोमवार, तीन दहा आत, चार वीस बाहेर. मंगळवार, तीन पाच आत, चार चाळीस बाहेर, येताना हसत होती.

पुढं जिन्यात बसून ऐकायला लागलो. हसू नको. एकच गोष्ट तीन-तीनदा घोकतात: काल काय केलं, आज काय करते, उद्या काय करणार. गेटवर साहेबलोकांचं ऐकून तेवढं मला कळतं. "आय वेंट टु पैठण. आय गो टु पैठण." इथवर ठीक. पण एक दिवस कानावर आलं, "आय विल गो. आय विल नॉट टेल हिम." हिम म्हणजे कोण ते सांगायला मास्तर लागत नाही.

परवा तर नजमाबाजीनं अचानक दारच उघडलं. "भाईसाब, सीढ़ी ठंडी है, अंदर आके बैठो." मी म्हटलं, बल्ब बघतोय. जिन्यात बल्ब नाहीच.

काल भामा भाजीला गेली तेव्हा तिची वही ज्वारीच्या कोठीत सापडली. पहिल्याच पानावर मराठीत लिहिलंय, "बाजी म्हणतात, खोटं वाक्य तोंडात बसत नाही. आपल्या घरचं खरं तेच लिहायचं." म्हणजे त्या वहीतलं सगळं खरं, अक्का! अक्षर लावत लावत वाचलं. "माय पासपोर्ट केम. माय डॉटर इज अ नर्स इन इंग्लंड. शी विल हॅव अ बेबी इन मार्च."

ते वाक्य मी तीनदा वाचलं.

त्या मुलीचं नाव मी घेत नाही, तुला माहीत आहे. चार वर्षांमागं तिनं कोर्टात लग्न केलं, पोरगा आपल्यातला नाही, म्हणून मी पैठणच्या घाटावर तिच्या नावानं आंघोळ केली. पोटची पोर जिवंत असताना. तांब्या भरभरून तू दिलास. भामा वरच्या पायरीवर उभी होती, पदराला थेंब लागू दिला नाही तिनं.

आता पुढचं नीट वाच. त्याच वहीत तूही आहेस. "अक्का मेड अ कुंची फॉर द बेबी. अक्का कट हर ओल्ड पैठणी." व्हय का गं? मग मी माझी नोंद उलटीकडून तपासली. पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीला आला असणार, तेव्हा मी कुठं होतो? तुझ्याकडं! कंबर धरली म्हणून तू बोलावून घेतलंस, आणि मी पोचलो तर तू गच्चीवर पापड वाळत घालत होतीस. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात ते खोटं नाही. सख्ख्या बहिणीनं माझ्या डोळ्यात धूळ फेकली.

संध्याकाळी वही भामापुढं ठेवली. वाटलं रडेल, पाया पडेल. ती भाकरी थापत राहिली.

"विमानतळावर विचारतात म्हणे, कोणाकडं चाललात, घरी कोण कोण असतं. बाकी सगळ्यांची वाक्यं बसली, तुमचंच बसंना. खरं सांगायचंय, तर पोरीला बाप आहे म्हणू का नाय म्हणू? आंघोळ तुम्ही केली. तुम्हीच सांगा."

तिकीट वीस फेब्रुवारीचं आहे म्हणाली, एकटीचं. मी एवढंच विचारलं, "परत येशील ना?"

तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "ते अजून शिकवलं नाय बाजींनी."

आज दुपारी ती वर गेली, पण मी वेळ लिहिली नाही. घर लई मोठं वाटलं. अक्का, मला भीती वाटतीय. इतके दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होतो, पण घालवलं तर मीच ना गं सगळं?

तुझ्यावर मी रागावलोय, ते राहू दे. कुंची कशी झालीय? कोणत्या रंगाची?

तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, सगळे विधी तुला ठाऊक. जित्या माणसाच्या नावानं केलेली आंघोळ उतरवता येते का? येत असेल तर कळव, मी पहिल्या एसटीनं घाटावर येतो. या वेळी तांब्या भामाच्या हाती दे. आणि येत नसेल, तरी विमानतळावर काय सांगायचं ते मी तिला आज सांगणार आहे. तोंडातून निघेल की नाही भरवसा नाही, म्हणून आधी इथं लिहून बघतो. चार वर्षांत पहिल्यांदा लिहितोय.

श्रेयाचा बाप,
कडूबा