बाबांच्या नावाची शर्यत

ता. ५ नोव्हेंबर

चि. टिल्लू यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकडे साहेब झालास तरी इथे टिल्लूच, राग मानू नकोस. कामाचं लिहिते. बाबा गेल्यापासून आईने जिना उतरलेला नाही. डॉक्टर म्हणतात पाय ठणठणीत आहेत, मनाने घेतलंय. जेवते चिमणीएवढं. येत्या रविवारी रेसकोर्सवाल्यांनी जुने जॉकी म्हणून बाबांच्या नावाने एक शर्यत ठेवली आहे. आपल्याला आमंत्रण आहे. आई म्हणते, तुम्ही जा, मला घोड्यांतलं काय कळतं! माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू शेंडेफळ, तुझं ऐकेल. अशीच खोलीत बसून राहिली तर तीही हातची जाईल, याची भीती वाटते रे.

मुलांना गोड पापा. दूर असलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ८ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

ताईने तुझी चहाडी केली आहे. तिला रागावू नकोस.

काल मुलांना आपल्या रविवारांबद्दल सांगत होतो. शनिवारी बाबा वजनापायी नुसता कोरा चहा प्यायचे आणि आम्हाला मात्र आग्रह करकरून वाढायचे. दुसऱ्या दिवशी आपण तिघं कठड्याशी उभे. वळणावर त्यांची पिवळी टोपी दिसली की ताई किंचाळायची, ते पोचले की मी उड्या मारायचो. बाबा बहुतेकदा चौथे-पाचवे यायचे, पण परतताना तोरा पहिल्या नंबराचा! वर शेंगदाण्यांची पुडी. इतकं सुख फार थोड्या मुलांना मिळतं, आई. तुलाही किती आवडायच्या शर्यती! मला सुट्टी नाही. माझ्या वाटचंही बघून ये.

आहे तेवढाच लोभ पुरे, तो मात्र रोज हवा.

तुझा टिल्लू

ता. ११ नोव्हेंबर

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वाटचं बघायला म्हणून गेले. आता खरं सांगते, मी आजवर एकही शर्यत पाहिली नव्हती. तुम्ही लहान असताना, मी मैदानावर यायला लागायच्या आधीच, ह्यांच्या शेजारचा जॉकी पडला, तो उठलाच नाही. म्हणून घोडे सुटले की मी पाठ फिरवायचे. तुमचं लक्ष मैदानावर, तुम्हाला कुठून कळणार! मी तुमची तोंडं बघायचे. डोळे विस्फारले की हे वळणावर आले, उड्या सुरू झाल्या की सुखरूप पोचले. मग कुठे माझ्या जिवात जीव यायचा. तुम्ही दोघं होतात म्हणून ते रविवार निभावले रे.

काल पहिल्यांदा मैदानाकडे तोंड केलं. अंगाला अंग घासत घोडे काय येतात, माती काय उडते! माझ्या अंगावर काटा आला. हे दर आठवड्याला त्यातून बाहेर यायचे आणि पहिलं विचारायचे, पोरांनी काही खाल्लं का. केवढा माणूस माझ्या वाट्याला आला होता! मला राहवेना. उभी राहिले आणि सगळ्यांदेखत ह्यांचं नाव घेऊन ओरडले. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन दोनदा वाढून घेतलं. ताई म्हणते पुढच्या रविवारी थंडी पडेल, नको जायला. मी म्हटलं, तू घरी बस, मी जाते.

सुखी राहा, आठवण ठेव.

तुझी आई