दोनशे सतरा माणसांचं गाव

चि. सत्यजीतला आजीचे लाख आशीर्वाद.

तुझ्या स्लोवाकियातल्या गावाची माहिती तूच फोनवर सांगितलीस, ती माझी तोंडपाठ हाय. डोंगराखाली गाव, भीमेच्या निम्मी नदी, सातशे वर्षांचं चर्च आन् माणसं दोनशे चौदा. कांदे काढताना सांगितलं, तर शेजारची सारिका म्हणली, "आक्का, एवढी तर आपली भावकीच हाय!"

काल तिनं मोबाईलवर त्या गावाचं पान उघडलं. आता दोनशे सतरा. नव्या रहिवाशांचा फोटू होता. तू, तुझी गोरी बायको आन् कडेवर तुझंच नाक घेतलेली पोरगी. पणतीच्या आनंदात मी आळीभर गूळ वाटला. तवा तुझी आई हळूच म्हणली, "आत्या, आमाला ठावं होतं. तुमाला लागंल म्हणून बोललो न्हाई."

दोन वर्षं यवतच्या पोरीकडच्यांना तुझ्यासाठी थांबवलंय मी. तू दर वेळी "व्हय आजी" म्हणत आलास. उद्या त्यांच्या दारात मलाच जायचंय.

तुझ्या पोरीचं नाव त्या पानावर न्हाई. तुझ्या आईला ठावं असंल, पण मी इचारणार न्हाई. हे पत्रबी टाकणार न्हाई. ते नाव तू आपणहून सांगावंस.

सगळ्यांत शेवटी कळलेली,
तुझी आजी साखरबाई