साडेसातशे वॅटचं लोखंड

प्रिय अण्णा,

माफीचं पत्र लिहून दे, मगच दुकानाची पायरी चढ, असा निरोप तू वहिनीबरोबर धाडलास. रिची स्ट्रीटवरच्या आपल्या अप्पांच्या त्या दुकानात मी अकरा वर्षं कॉम्प्युटर जोडले. ती पायरी सुटली तर माझं काय उरतं, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला. पण आता ऐकून घे.

लग्नाचे व्हिडिओ करणारे सवरीमुत्तू आले, तेव्हा मी त्यांची बेरीज मांडली होती. ग्राफिक्स कार्डला दोनशेवीस वॅट, प्रोसेसरला सव्वाशे, बाकी सगळ्याला पन्नास. चारशेच्या आतच. वर मोकळीक धरून साडेपाचशेचा चांगला पॉवर सप्लाय भरपूर झाला. तेवढ्यात तू मागून ओरडलास, "अहो, तिची वही राहू द्या! हा साडेसातशेचा हातात धरून बघा. वजन खोटं बोलत नाही." त्यांनी धरला, मान डोलावली, आणि माझी वही गेली केराच्या टोपलीत. मग मी स्क्रूड्रायव्हर उचलला. चार गिऱ्हाइकांदेखत तुझा तो साडेसातशेचा डबा उघडला. आत नावाला चार वायरी, आणि तळाशी स्क्रूने आवळलेली लोखंडी पट्टी! "अण्णा, ही किती वॅट देते?" मी विचारलं. लोक हसले, आणि त्या भरात मी तुला चोर म्हणून बसले.

वजन बघायला अप्पांनीच शिकवलं, मान्य. त्यांच्या काळी आत तांबं असायचं, जड तो खरा. डबे बनवणाऱ्यांना आपली ही खोड कळली आणि त्यांनी लोखंड भरलं. अप्पांचा शब्द राखायला मी लोकांची मशीनं जाळू? जमणार नाही. वेळ आली तर गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसेन.

पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. निलाचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो म्हणून वहिनीने काल बोलावलं. तू घरी नव्हतास. उघडला, तर आत तोच साडेसातशेचा डबा. पोटच्या पोरीला असला डबा कुणी जाणूनबुजून देत नाही. तू फसवत नव्हतास रे, तूच फसला होतास. मला तिथेच रडू फुटलं. तो काढून मी साडेपाचशेचा बसवलाय. हलका लागला म्हणून बदलू नकोस. चोर म्हटलं, त्याची माफी पाया पडून मागते. डबा उघडला, त्याची मागणार नाही. सोमवारी मी दुकानात येतेय, आणि उरलेले सगळे डबे उघडणार आहे.

तुझीच हट्टी बहीण,
कयलविळी