गोधडी पाहून पेरणी

मंगळवार, माघ महिना, दिवेलागण

जिंकले! घरात ओरडता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

पांझरेकाठच्या आमच्या फडात, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांत, सगळ्यांनी एकच पीक, एकाच वेळी पेरायचं, असा रिवाज. पाटाचं पाणी सामाईक ना! हरभरा दसरा झाला की पेरायचा. पण हल्ली पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो आणि थंडी दिवाळीलाही येत नाही. तापल्या जमिनीत पेरलेला हरभरा मर लागून वाळतो. म्हणून फडाच्या बैठकीत मीच उठून म्हणाले, "पेटीतली गोधडी काढावीशी वाटेल, तेव्हाच पेरू."

फडाचे पुढारी म्हणजे माझे सासरे, नाना. सगळ्यांदेखत हसले. "गोधडी दखीसन कोनी पेरस का?"

मर सगळ्यांनीच सोसलेली, म्हणून बाकीच्यांनी माझं ऐकलं. दिवाळीनंतर गोधडी निघाली, तेव्हा पेरलं; पण तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चुकले असते तर? अख्ख्या फडाने बोटं मोडली असती.

आज आम्ही सगळे वरच्या फडात जाऊन आलो. त्यांनी जुन्या वेळेलाच पेरलं होतं, निम्मा हरभरा वाळलाय. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडंच. आमचा हरभरा घाट्यांनी लगडलाय! बांधावर नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढला साले कव्हय पेरानं, ते तिले इचारा."

तिले! म्हणजे मला! पेरायचं कधी, ते मला विचारायचं!

गोधडी अंगावर घेऊनच लिहितेय. माघातच उकडायला लागलंय, घामाने पान ओलं होतंय. पण आज मी ती काढणार नाही.