कापलेलं पान

सोमवार, ता. ४
पोचले बाई एकदाची! खोली हवेशीर, टेबल खिडकीपाशी, चिकटवायचा सरसही ताजा. या शिवणगृहातल्या धर्मग्रंथाच्या चाळीस प्रती नव्याने बांधायच्या, एवढंच काम. खाली तीसेक बायका यंत्रांवर शिवत असतात. इतक्या बायका एकत्र आणि एकीचाही आवाज नाही! माझ्यासारख्या बडबडीला नवलच वाटलं. इथल्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या की भक्तीने माणूस शांत होतो. जेवण अगदीच पातळ, पण गरम.

बुधवार, ता. ६
एक तरी बोलकी सापडली. शिवणाला नवीन आलीय, मी तिला चिमणी म्हणते. घरी लेक तापाने फणफणलीय, म्हणून तिने रजा मागितली. बाई नाही म्हणाल्या, तर हिने पुन्हा मागितली. बाईंनी तिला शुक्रवारच्या प्रार्थनेला पुढे बसायला सांगितलंय. बाकीच्यांनी मान वर केली नाही.
आणखी एक. प्रत उसवताना शिवणीत कापलेल्या पानाची कड अंगठ्याला लागली. दुसऱ्या प्रतीतही तिथेच, चाळीसही प्रतींत! आधीचं पान ‘उलट बोलणारी जीभ देवाला वाहा’ इथे संपतं. पुढचं बाबांनी बांधणी शिकवता शिकवता माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं: ‘म्हणजे ती दुबळ्यांची बाजू मांडायला लावा.’ कुणा गाढवाने हे कापलं असेल?

गुरुवार, ता. ७
दुपारी एकीच्या बोटात सुई घुसली. तिने तोंड उघडलं. आत जीभ नव्हती.
मग मी एकेकीला तोंड उघडायला लावलं. चिमणी सोडून कुणालाच नाही.
चिमणीला म्हटलं, पळ. फाटकाला कुलूप आहे. उद्या तिची पाळी.
बाबांची प्रत माझ्या पेटीत आहे, या प्रतींच्याच छापखान्यातली. त्यातलं ते पान सोडवलं आणि बाई ज्यातून वाचतात त्या प्रतीत शिवून टाकलं. माझ्या हातून यापेक्षा नेटका टाका कधी पडला नसेल. सगळ्यांनी ऐकलं की बाई काय करतील? चिमणी सुटेल. सुटायलाच हवी.

शुक्रवार, ता. ८, सकाळ
बाईंनी पान उलटलं आणि ठेक्यात पुढचंही वाचून गेल्या. मग थबकल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, जिंकलो आपण!
सगळ्यात म्हातारी होती ती उठली. तिने ते पान टरकावलं, शेगडीत टाकलं. मग सगळ्या रडायला लागल्या — तो आवाज — देवा.
ज्यांची जीभ गेली होती त्यांना ते पान खोटंच हवं होतं.
चिमणीला त्यांनीच धरलं. बाईंना जागचं हलावंही लागलं नाही.

दुपार
चिमणी खाली पडलीय, तोंडाला फडकं. आता जिन्यावर सगळ्यांची पावलं —
ओरडून सांगितलं, ते पान खरं आहे. खरं आहे गं! क्षणभर थांबल्या.
दार ढकलत नाहीत. थोपटतायत. लेकराला निजवावं तसं, हळूहळू — कडीचा एक खिळा निघा—