सारख्या मुठी

रविवार, १२ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. वहिनीचा गुडघा आता कसा आहे ते कळव. आमच्या मागच्या गल्लीतलं खोदकाम अजून संपलेलं नाही आणि नळाला तांबूस पाणी येतं.

पत्र बघून तू हसशील. "मास्तरीणबाईंना फोन परवडेनासा झाला वाटतं," असं, मला चिडवायच्या त्याच जुन्या नावाने, वहिनीला म्हणशीलही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे कारण समज. मी म्हणते, "दादा, खोलीबद्दल बोलायचंय." तू म्हणतोस, "अगं, घरच्या घरात आभार कसले मानतेस!" आणि मग तुला दुसरा फोन येतो.

मी आभार मानत नव्हते.

ऑफिसच्या कामासाठी मला परगावी जावं लागलं, तेव्हा तू रजा काढून बाबांजवळ येऊन राहिलास. त्याबद्दल आभार, आणि ते मनापासून आहेत. पण तुला बाबांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्यांच्या खोलीवर हात फिरवायला कुणी सांगितलं होतं?

मी परत आले, बॅग ठेवली आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीचं दार उघडलं. क्षणभर वाटलं, दवाखान्यात शिरले. भिंतीवर पांढरा भोकांचा बोर्ड, त्यावर हुक, आणि प्रत्येक हुकाखाली त्या त्या हत्याराची काळ्या रंगाने काढलेली बाह्यरेषा. प्लास्टिकचे पारदर्शक डबे. प्रत्येक डब्यावर छापील लेबल. दोन ट्यूबलाइट. बाबांच्या तीन पायांच्या स्टुलाच्या जागी चाकांची खुर्ची. आणि बाबांच्या लाकूड कोरायच्या सगळ्या पटाश्या, धाकटीपासून थोरलीपर्यंत, शाळेतली पोरं उंचीप्रमाणे उभी करावीत तशा रांगेत. सगळ्यांना नव्या, सारख्या, पॉलिश केलेल्या मुठी.

दिसायला सुंदर होतं, हे मी मान्य करते. कारखान्यांमधून जाऊन लोकांना वस्तू जागच्या जागी ठेवायला शिकवणं हा तुझा धंदाच आहे, आणि तो तुला येतो. पण बाबा म्हणजे कारखाना नव्हे.

तू घराच्या ग्रुपवर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकलेस. आत्याने लगेच लिहिलं, "लेक असावा तर असा! नाहीतर तिथे राहणाऱ्यांना इतकी वर्षं सुचलं नाही." राहणाऱ्यांना. आत्याला माझं नाव घ्यायचीही गरज वाटली नाही. माझा राग त्याचाच आहे का, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारत होते. रोजच्या वहीत त्यावर पानं खरडली. शेवटी हिशेब असा निघाला की शेरभर रागात छटाकभर आत्याचा आहे. उरलेला सगळा तुझा.

तू टेबल खिडकीखाली सरकवलंस, उजेड यावा म्हणून. बाबा दिवा न लावता काम करतात हे तुला दिसलं, आणि ते वीज वाचवतात असं तू परस्पर ठरवून टाकलंस. बाबांना विचारलंस का? विचारलंस म्हणे. ते "छान, छान" म्हणाले म्हणे. दादा, आईच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडायचं तेव्हा बाबा काय म्हणायचे, आठवतं? "छान" एकदा म्हणाले तर छान. दोनदा म्हणाले की समजायचं, घास गिळवत नाहीये.

आणि लेबलं. "गोल पटाश्या – मोठ्या". "काचकागद – जाड". ठळक अक्षरात, दुरून वाचता यावीत अशी. कुणी वाचायची ती?

मुठींबद्दल लिहायला घेते आता. जुन्या मुठी वेड्यावाकड्या होत्या, बरोबर. एकीला सुतळी गुंडाळलेली, एक अष्टकोनी, एकीच्या बुडाला खाच, एक आईच्या तुटलेल्या लाटण्याची. आपल्या घरातलं काही मोडलं की बाबा आधी बघायचे, त्यातून मूठ निघते का. आणि पानाच्या शिरा काढायच्या त्या बारीक पटाशीला तुझ्या मोडलेल्या बॅटचा दांडा होता, तुझ्या दातांच्या खुणांसकट. आउट झाल्यावर तू तो चावायचास. ती मूठही तू सुताराकडून उपटून घेऊन गोणीत टाकलीस. हातात धरूनसुद्धा ओळखली नाहीस?

बाबांच्या तळव्याला टाके पडले ते खिळा लागून, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. खिळा नव्हता.

बाबा हाक मारताहेत. उरलेलं उद्या.

सोमवार

कालचं वाचून पाहिलं. त्यातलं सगळं खरं आहे आणि मुख्य गोष्ट त्यात कुठेच नाही. आज सकाळी जे पाहिलं ते पाहिलं नसतं, तर बहुधा तसंच पाकिटात घालून टाकलं असतं.

टाके निघाल्यापासून बाबा पुन्हा रोज खोलीत जातात. दार लोटून घेतात. सकाळभर काचकागदाचा आवाज येत राहतो, खस्स, खस्स. मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, रुळले म्हातारबुवा नव्या व्यवस्थेला. आपणच उगाच राईचा पर्वत करतो.

आज सुट्टी होती, म्हणून चहा आत घेऊन गेले. चाकांची खुर्ची मागे पळू नये म्हणून त्यांनी चाकांना दोन विटा लावल्यात. मांडीवर फळी. तीच, वेलपत्तीची, वसंतात कोरून पूर्ण केलेली. तुला फोटो पाठवला होता. तू अंगठा दाखवला होतास.

फळीवर वेल नव्हता. पानं नव्हती. एका कोपऱ्यात देठासारखं काहीतरी उरलं होतं, बाकी सगळी सपाट.

"बाबा, हे काय?"

"कुठं काय. जरा गुळगुळीत करतोय."

"पानं कुठे गेली?"

त्यांनी फळीवरून बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "गेली वाटतं," म्हणाले.

चहा तसाच माझ्या हातात. मग तेच म्हणाले, "हातांना काहीतरी लागतं गं. पटाशी उचलावी तर हातात कोणती आली ते कळत नाही. सगळ्या एकसारख्या. त्या दिवशी मोठीच आली, आणि फळीऐवजी तळव्यात गेली. हा एक कागद तेवढा कळतो."

दादा, बाबांना दिसत नाही.

दोन वर्षं होत आली. दार उघडं आहे की बंद, एवढा उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, यापुढे उपाय नाही. तू दारात फोटो काढत होतास, तेव्हा समोर उभा असलेला माणूस तुझ्या आवाजाकडे बघून हसत होता. फळीवरचा तो वेल त्यांनी दिसत नसतानाच कोरला होता. डाव्या हाताच्या बोटांनी नक्षी चाचपायची, उजव्या हाताने हवी ती पटाशी उचलायची. सुतळीची लागली की बाहेरची रेघ, लाटण्याची लागली की पाठीचा गोलवा, बॅटची लागली की शिरा. ती खोली त्यांचे डोळे होती, आणि तू येऊन तिची साफसफाई केलीस.

"मला सांगितलं का नाहीस?" असं तू आता ओरडशील. बाबांनी मला शब्द द्यायला लावला होता. "त्याला कळलं तर तो मला उचलून तिकडे नेईल. त्याच्या त्या अकराव्या मजल्यावर मी भिंती चाचपत फिरू?" असं म्हणाले होते. मी शब्द दिला. तू येणार म्हटल्यावर तरी तो मोडायला हवा होता. माझा वाटा मी बाजूला काढून ठेवलाय, त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. तुझा वाटा तुझ्याकडे पाठवते आहे.

कारण शब्द मी दिला होता, डोळे तर तुला होते ना? बाबा रोज सकाळी तुझ्यासमोर पेपर धरून बसायचे. रेडिओवर ऐकलेल्या बातम्या तुला पेपरातल्या म्हणून सांगायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बापलेक काय छान बसले होते पेपर वाचत!" दादा, पान एकदाही उलटलं नाही. तुझ्या लक्षात आलं नाही? दुसऱ्याच्या कारखान्यात एक बोल्ट जागेवर नसला तर तुला लांबून दिसतो.

फोन न करता कागद का घेतला, ते आता कळलं असेल. बाबांचे कान फार तिखट झालेत. कागदाचा आवाज होत नाही.

आता काम सांगते. आधीचा जो फोटो तू मिरवलास, तो मोठा करून पाठव, कापलेला नको. टेबल मी ओढून जुन्या जागी नेलं, फरशीवर पायांचे डाग होते म्हणून जमलं. पण टेबलावर काय कुठे होतं, हे इतकी वर्षं या घरात राहून मला सांगता येत नाही. याचीही मला लाज वाटते.

दुसरं, ती गोणी. "भंगार मी वाटेत टाकतो," म्हणून तू ती गाडीत घातलीस. टाकलीस का? खरं सांग. वहिनी नेहमी कुरकुरते की जगाला शिस्त लावणाऱ्या माणसाच्या डिकीत मागच्या सहलीची ओली चटई अजून तशीच आहे. मी देवाजवळ काही मागत नाही, तुला ठाऊक आहे. पण काल-आज सारखं हेच मनात येतंय की एकदा, फक्त एकदा, तुझा आळस कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

डिकी उघडून बघ. आत्ता. पत्र खाली ठेवून.

तुझी,
मास्तरीण


गुरुवार, २३ ऑक्टोबर

दादा,

गोणी पोचली. कुरियरवाला म्हणाला, "ताई, यात जळण आहे का?" गोणीला चटईचा कुबट वास येतोय. मी दारातच बसून तिचं तोंड सोडलं आणि आधी सुतळी शोधली. मिळाली. मग रडले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलंय तर राहू दे.

गोणीवर तू लेबल लावलंयस. "जुन्या मुठी." धन्य आहेस.

पण आतली तुझी चिठ्ठी वाचली आणि सगळं रडणं कुठल्या कुठे गेलं. "डिकीतच होती. मला कळलंय हे बाबांना कळू देऊ नकोस. त्यांना वाईट वाटेल. पुढच्या वेळी येईन तेव्हा नेहमीसारखाच वागेन."

नेहमीसारखा! म्हणजे ते पेपर धरून बसणार, तू त्यांच्यासमोर बसून "काय म्हणतो पेपर?" विचारणार, आणि मी दोघांना चहा देणार? एकाला दिसत नाही म्हणून आता तिघांनी डोळे मिटून बसायचं? मी चिठ्ठी दोनदा वाचली. तुझ्या बाजूने विचार करून पाहिला. तुला त्यांना दुखवायचं नाही, हे मला कळतं. मलाही त्यांना दुखवायचं नव्हतं, म्हणून तर हाताला टाके पडेपर्यंत गप्प बसले. बाबांनाही तुला दुखवायचं नव्हतं, म्हणून "छान, छान." आपल्या घरात कुणीच कुणाला दुखवत नाही आणि रक्त तेवढं निघतं.

म्हणून मी आत गेले आणि तुझी चिठ्ठी बाबांना वाचून दाखवली. पूर्ण. दिलेला शब्द मोडलाय, हे आधी सांगितलं, मग वाचली.

मी म्हटलं, आता बाबा रागावून बोलतात. पण ते म्हणाले, "म्हणजे त्याला कळलंय, हे मला कळू द्यायचं नाही?"

"हो."

"अगदी माझ्यावर गेलाय," म्हणाले, आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

मग गोणी जमिनीवर ओतायला सांगितली. विटा काढून खुर्ची दूर ढकलली, फतकल मारून खाली बसले. एकेक उचलत होते आणि बाजूला लावत होते. "ही बाहेरच्या रेघेची. ही खोल खणायची. ही तुझ्या आईची, हिला जपून ठेव, हिचा तुकडा उडालाय." तोंड माझ्याकडे नव्हतं, हात मात्र थांबत नव्हते. बॅटचा दांडा आला तसा थांबले. दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. "हा त्याचा. पहिल्याच चेंडूवर आउट झाला होता, गाढव."

मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या सुताराला उद्या बोलावते. तासाभरात बसवून देईल."

त्यावर त्यांचा आवाज चढला. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "सुतार नको. ज्याने उपटल्या त्याने बसवायच्या. कुठली कशाला, ते मी सांगेन. लिही त्याला. रजा काढ म्हणावं. आणि हेही लिही की मी तिकडे येणार नाही. अकरावा मजला असो नाहीतर पहिला. तो विषय काढायचा असेल तर येऊ नकोस म्हणावं."

जसं सांगितलं तसं लिहिलंय. स्टूल तू माळ्यावर टाकलं होतंस, ते उतरवलं. सपाट झालेली फळी टेबलावर ठेवली आहे. बाबांनी ती उलटी केली. मागची बाजू कोरी आहे म्हणतात.

माझा राग गेलेला नाही, आणि तू आलास तरी लगेच जाईल असं समजू नकोस. लेबलं छापायचं यंत्र घरी ठेवून ये. आणि दारात आलास की नुसता हसत उभा राहू नकोस, मोठ्याने सांग, "बाबा, मी आलोय." त्यांना दिसत नाही. आता हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

वाट बघते. रागावूनच.

मास्तरीण